पुढच्या डोंगरापर्यंत तरी

सोमवार, ४ फेब्रुवारी

मर्लीन येत नाहीये! गुडघा. काल चर्चच्या पायऱ्यांवर घसरली. इतकी वर्षं डोंगर पालथे घातले, तिथे कधी काही झालं नाही बयेला, आणि पडली कुठे तर पायऱ्यांवर, हातात केकचं ताट घेऊन! फोनवर रडत होती आणि हसतही होती. "कॉर्लिस, तू जा. माझ्या वाटचंही घसरून ये."

एकटी? गुरुवारी? चार डोंगर?

ठरलं होतं दोघींचं. पन्नाशीचं वर्ष, काहीतरी करायचं. एल्कहॉर्नला गाडी लावायची आणि स्नोबोर्डवरून निघायचं. कॉपर गल्च, मग बिशप्स चेअर, शेवटी लास्ट टिंबर. चारही डोंगर खुर्च्यांच्या लिफ्टांनी एकमेकांना जोडलेले. एकाच्या माथ्यावरून उतरलं की दुसऱ्याच्या पोटात. जायचं आणि लिफ्टा बंद व्हायच्या आत परत यायचं. मर्लीन पुढे, मी तिच्या मागे. नेहमी तसंच असतं. तिची लाल टोपी दिसली की मी कुठूनही उतरते. ती नसली की मी पोरांच्या उतारावरही बसून राहते.

ऑरिन म्हणतो, "बर्फात शाळेची बस चालवतेस, मागे पोरं बोंबलत असतात, आणि फळीवर घाबरतेस?"

बसला ब्रेक असतात, म्हटलं.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

बर्फ. दिवसभर बर्फ. अख्खं हीबर गाव खूश. मी नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

सकाळी ठरवलं, जायचं नाही. छान वाटलं. जेवण गेलं.

दुपारी सासूबाईंचा फोन. त्यांना ऑरिनने सांगितलेलं दिसतंय. "पन्नाशीला आलीस गं. आमच्या काळी या वयाच्या बायका गोधड्या शिवायच्या." झालं! तिथल्या तिथे ठरवलं, जायचं.

आता बोर्ड मेण लावून ठेवलाय, नारिंगी पोट वर करून पडलाय कोपऱ्यात. मधूनमधून जाऊन बघते. हवामानवाले म्हणतात ताजा बर्फ खूप, वारा दुपारनंतर. बर्फ कोसळायचा धोका 'मध्यम'. मध्यम म्हणजे काय? अर्धे मेले तर मध्यम?

गुरुवार, ७ फेब्रुवारी

घरी आहे. जिवंत आहे. बोटं वाकत नाहीत. उद्या लिहीन.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

बसवर दुसऱ्या कुणालातरी पाठवलंय. ऑरिन कामावर जाईना, मी हाकललं. आता लिहिते. लिहिलं नाही तर ते डोक्यात फिरतच राहणार.

सकाळ चांगली होती, हे आधी लिहून ठेवते. एल्कहॉर्नचा पहिला उतार, कुणाच्या खुणा नाहीत, बोर्डखाली आवाज नाही. मोठ्याने हसले मी, एकटीच! कॉपर गल्चला लिफ्टवरच्या पोराने विचारलं, "एकट्याच? कुठवर?" म्हटलं, लास्ट टिंबर. "क्या बात! परत येताना हात करा." मला मान ताठ झाल्यासारखी वाटली.

बिशप्स चेअरवर स्कीवाल्यांचं राज्य. आमच्यासारख्या बोर्डवाल्यांकडे ते असे बघतात, जणू कुणी देवघरात चपला घालून आलंय. तिथली जोडवाट सपाट आहे. स्कीवाले काठ्या मारत सुळकन निघून जातात. आपण एक पाय सोडवून लंगडी घालत ढकलत राहायचं. घामाघूम झाले. तेवढ्यात धुकं उतरलं.

लास्ट टिंबरच्या माथ्यावर पोचले तर बोर्डचं टोक दिसेना. खांबांवरचे झेंडे एकेक करून शोधत उतरत होते. डावीकडे हद्दीची दोरी, पलीकडे जायला बंदी. पुढे वाट परत सपाट होताना दिसली आणि मला त्या लंगडीचा कंटाळा आला. दोरीच्या पलीकडे जरासा उतार होता, दोन झाडं सोडून परत अलीकडे येता येईल असा. एवढासा! मी वाकले आणि दोरीखालून गेले.

दुसऱ्या झाडाशी बोर्डचं टोक रुतलं आणि मी डोक्यावर गेले.

झाडाची विहीर. आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. फरच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, बुंध्याभोवती पोकळी राहते, वरून नुसता भुसभुशीत बर्फ. काही दिसत नाही. त्यात माणूस पडलं तर उलटंच पडतं. पाय बोर्डला बांधलेले, बोर्ड वर फांद्यांत अडकलेला, डोकं खाली. मी अशी लटकले.

पहिल्यांदा वाटलं, उठू. एक हात हलवला तर वरचा बर्फ सगळा तोंडावर आला. नाकात, तोंडात. ओरडले तर आणखी आत गेला. मग कळलं की जितकं हलेन तितकी पुरली जाईन. हे कळल्यावर जी भीती वाटली ती कशी लिहू? काळोख नव्हता. निळसर उजेड होता, तेच भयंकर! उजेड आहे, हवा नाही.

एक कोपर तोंडासमोर आणलं आणि वाटीएवढी जागा केली. त्यात श्वास घेत राहिले. हळू. फोन छातीच्या खिशात, आणि हात पोचत नाही. डोक्यात रक्त उतरून कानात ढोल वाजत होते. मुलांची नावं घेतली. ऑरिनचं घेतलं. मग कुत्र्याचंही घेतलं, काय करणार. मग रडू आलं, पण रडायलाही हवा लागते.

किती वेळ, माहीत नाही. हवा जड झाली होती. झोप येत होती, आणि ती गोड होती. तिचीच आता सगळ्यात भीती वाटते.

मग बोर्डवर खाडकन काहीतरी आपटलं. आणि शिव्या! असल्या शिव्या मी बसस्टँडवरही ऐकल्या नाहीत. "च्यायला, च्यायला, माणूस आहे! ए! हलू नकोस! ए बाई, ऐकू येतंय का? हलू नकोस, मी खणतोय!"

थांबते. बाकीचं उद्या.

शनिवार, ९ फेब्रुवारी

पुढचं.

त्याने एक स्की काढून फावड्यासारखी वापरली, आणि बाकी हातांनी. आधी माझ्या तोंडापर्यंत भोक पाडलं. गार हवा आली. पहिला श्वास घेतला तो किंचाळीसारखा बाहेर पडला. मग त्याने पट्टे सोडवले आणि मला काखेत धरून ओढून काढलं. दोघं बर्फात पडून राहिलो. साठीतला माणूस, दाढीत बर्फ. तो माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. त्याचंही तोंड पांढरं फटक.

"इथे काय करत होतीस दोरीपलीकडे, एकटी?" असा ओरडला की मी दचकले.

म्हटलं, "तुम्ही काय करत होतात?"

तो उठला. माझा बोर्ड शोधून आणला, बर्फ झटकला, नारिंगी पोट बघितलं. "हा रंग नसता तर गेलो असतो पुढे," म्हणाला. आणि तोंड फिरवलं.

नाव एल्डन. बास, तेवढंच.

त्याने मला खाली लास्ट टिंबरच्या पायथ्याशी आणलं. मी बसूनच उतरले बहुतेक, तो खालच्या बाजूने आडवा उभा राहत राहत. गस्तीवाल्यांच्या खोलीत एका मुलीने ब्लँकेट दिलं, बोटं तपासली, गरम कोको दिला. तिथेच कळलं की तिथून खाली जाणारा दरीतला रस्ता बंद केलाय, वरून बर्फ सुटायची भीती म्हणून. कधी उघडेल सांगता येत नाही. माझा फोन भिजून मेलेला. त्यांच्या फोनवरून ऑरिनला लावला. तो म्हणाला, "तिथेच राहा. मी येऊ शकत नाही, कॉर. रस्ता बंद आहे. ऐकतेस ना?" रडत होता. ऑरिन!

हॉलमध्ये गाद्या टाकायला लागले होते. मी भिंतीशी बसले आणि बघितलं, तर खिडक्यांवर बर्फ चढत होता. अर्ध्या खिडकीपर्यंत आलेला. निळसर उजेड. मी ताडकन उठले. इथे नाही राहायचं मला. इथे बसले तर मी वेडी होईन.

गस्तीवाली म्हणाली, "परतीच्या लिफ्टा अजून चालू आहेत. जायचं तर आत्ता. पण एकटं नाही सोडणार तुम्हाला."

एल्डन दारात होता, हातमोजे घालत. परत वर निघाला होता. मी धावत जाऊन त्याची बाही धरली. लाज वगैरे काही उरली नव्हती. "मला एल्कहॉर्नला सोडा."

"मी तिकडे जात नाहीये, बाई."

"मग पुढच्या डोंगरापर्यंत तरी."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग नाक ओढून म्हणाला, "बोर्डवाली! आयुष्यभर टाळलं मी तुम्हा लोकांना."

लिफ्टच्या खुर्चीत बसलो तर वारा असा की खुर्ची आडवी व्हायची. मधेच लिफ्ट थांबली. खाली धुकं, वर धुकं. माझे दात वाजायला लागले, थंडीने नाही. तो म्हणाला, "बोल काहीतरी. घरी कोण आहे तुझ्या?"

सांगितलं सगळं. ऑरिन, दोन्ही मुलं बॉइसीला, धाकटीचं लग्न ठरतंय, कुत्रा सोफा खातो. बस, पोरं, कोण कुणाच्या शेजारी बसत नाही. बडबडत सुटले. तो ऐकत होता. मी विचारलं, "आणि तुमच्या घरी?"

"घर आहे," म्हणाला.

बिशप्स चेअरच्या त्या सपाट वाटेवर त्याने काठी मागे केली. "धर." मी टोक धरलं आणि तो मला ओढत निघाला, गाढव गाडी ओढतं तसा. शेजारून जाणारा एक स्कीवाला हसला, "काय एल्डन, कचरा उचलायचं काम घेतलंस का?" एल्डन म्हणाला, "तू चल पुढे, नाहीतर तुलाही बांधीन हिच्या मागे." पहिल्यांदा हसताना बघितलं त्याला. हसल्यावर स्वतःच चमकल्यासारखा झाला.

बिशप्स चेअरच्या पायथ्याशी तो थांबला. "हं. आता इथून गर्दी आहे. जाशील तू."

समोरचा उतार झाडांमधून होता. फरची झाडं, दोन्ही बाजूंना. माझे पाय हलेनात. खरंच हलेनात, कुणी खिळे मारल्यासारखे. म्हटलं, "पुढच्या डोंगरापर्यंत तरी."

एक शिवी. मग, "चल."

कॉपर गल्चला परत तेच. तिथे मी माझं सँडविच काढलं, चेपून पोळीसारखं झालेलं. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. अर्धं देऊ केलं, नको म्हणाला. मग घेतलं. मग माझ्या हातातलं दुसरं अर्धंही खाल्लं! चघळता चघळता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाला, वारा. खोपटाच्या आडोशाला बसलो होतो आम्ही, वारा कुठला? मी पट्टे आवळले. मला फक्त घरी जायचं होतं.

तिसऱ्यांदा विचारायला मला तोंडही उघडावं लागलं नाही. बाही धरलेलीच होती. त्याने बाहीकडे बघितलं, वर डोंगराकडे बघितलं आणि पुढे झाला.

शेवटचा उतार. एल्कहॉर्नच्या गाड्या दिसल्या. गस्तीवालीने फोनवर कळवलं होतं म्हणून ऑरिन शेजाऱ्याची गाडी घेऊन येऊन उभा होता, टोपी नाही, काही नाही, डोक्यावर बर्फ साचलेला. मी बोर्ड तसाच टाकून पळाले. पडले. परत पळाले.

शुद्धीवर आल्यासारखं मागे बघितलं तर एल्डन लिफ्टशेजारच्या बाकावर बसलेला. लिफ्ट नुकतीच बंद झाली होती, माणूस साखळी लावत होता. ऑरिनने जाऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "चला, तुम्हाला सोडतो घरी." तो म्हणाला, "नको. बसतो जरा." ऑरिनने थर्मास दिला, तो घेतला त्याने.

आडनाव विचारायचं राहिलं. कसं राहिलं! एवढं तर कुणीही विचारतं!

रविवार, १० फेब्रुवारी

सासूबाईंकडे जेवण. चीजवाले बटाटे, हिरवी जेली, नेहमीचं. ऑरिनने सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी काटा खाली ठेवला.

"दाढी होती?"

"होती."

"पांढरी?"

"बर्फ होता आई त्यात. तिथे सगळ्यांचीच पांढरी होती."

"आणि आडनाव विचारायच्या आत नाहीसा झाला!"

"नाहीसा नाही. बाकावर बसला होता."

पण त्यांचं ठरलं होतं. तो माणूस नव्हताच! जुन्या लोकांची समजूत आहे आमच्याकडे, प्रभूचे तीन शिष्य आहेत ज्यांना मरण नाही, अडल्यानडल्याला डोंगरात भेटतात, वाचवतात, निघून जातात. नेफाईट म्हणतात त्यांना. सासूबाईंच्या आजीला एक भेटला होता, विहिरीपाशी, त्याने पाणी मागितलं होतं.

ऑरिन म्हणाला, "आई, नेफाईट 'च्यायला' म्हणत नाहीत."

"तुला काय माहीत? दोन हजार वर्षं फिरतायत बिचारे."

खूप हसले मी. मग हसता हसता श्वास अडला आणि टेबलावरून उठून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले, नुसती हवा खात. ऑरिन कोट घेऊन मागे आला.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज बसवर गेले. सकाळ ठीक. दुपारी वळणावर टपावरचा सगळा बर्फ धपकन काचेवर घसरला. पांढरं! काही दिसेना. मी ब्रेकवर उभीच राहिले. पोरं किंचाळली, "मिस कॉर्लिस!" वायपर लावायचंही सुचेना. श्वास घेत नव्हते मी, विसरले होते.

पोरांना सांगितलं, हरीण आडवं आलं. मागून एक कार्टं म्हणालं, "हरीण कुठंय?"

अंघोळीला तोंडावर पाणी घेता येत नाही. पांघरूण नाकापर्यंत आलं की उठून बसते. ऑरिन म्हणतो डॉक्टरला दाखवू. म्हणते, बघू. बोर्ड गराजमध्ये आहे, मी गराजमध्ये जात नाही. बस चालवायला भीती वाटली आज. बस! ही भीती इथवर आली तर उरलं काय माझं?

गुरुवार, १४ फेब्रुवारी

ऑरिनने चॉकलेट आणलं. मी रडले.

मर्लीन कुबड्यांवर आली होती. म्हणते, तुला त्या माणसाला भेटल्याशिवाय बरं वाटायचं नाही. म्हटलं, शोधू कसा? "साठीतला दाढीवाला एल्डन," ती म्हणाली, "या भागात दगड मारावा तर एखाद्या एल्डनला लागेल." मग तिने माझा हात धरला. "कॉर, मी असते तर तू दोरीपलीकडे गेली नसतीस." म्हटलं, तू असतीस तर आपण दोघी गेलो असतो.

बुधवार, २० फेब्रुवारी

धीर केला. गाडीने लांबून वळसा घालून लास्ट टिंबरला गेले. ऑरिन चालवत होता. वर बघितलं नाही, नुसती बुटांकडे बघत तिकीट खिडकीपर्यंत गेले. केळ्याचा केक केला होता, तो खिडकीत ठेवला. आतल्या बाईला सांगितलं, एल्डन म्हणून आहेत, स्कीवाले, रस्ता बंद होता त्या गुरुवारी त्यांनी मला काढलं बर्फातून.

ती बाई एकदम थांबली. "गुरुवारी? सात तारखेला? तो तुमच्याबरोबर होता?"

"हो. एल्कहॉर्नपर्यंत."

"शेवटपर्यंत?"

"हो."

तिने केक आत घेतला, हळूच, काचेचं भांडं असावं तसा. म्हणाली, "आताशा येत नाही तो इकडे. त्याच्या बहिणीला निरोप देते." माझा पत्ता लिहून घेतला. वर मला म्हणाली, "थँक्यू हं." मला कशाला?

परत येताना ऑरिनला विचारलं, तिचं तोंड असं का झालं असेल? तो म्हणाला, केक बघून. तुझा केक बघितलाय मी.

सोमवार, २५ फेब्रुवारी

काही नाही. फोन नाही. परत बर्फ.

शुक्रवार, १ मार्च

एल्डन आला. दाढी काढलेली, ओळखलंच नाही मी. बहीण घेऊन आली होती, ती गाडीतच बसून राहिली.

मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणाला, "आधी माझं ऐक, बाई. मी पाठ करून आलोय, मधे बोललीस तर विसरेन."

त्या दिवशी तो दोरीखालून गेला तो परत यायला गेला नव्हता. माझा बोर्ड मधे आला. खाली आणल्यावर परत वर निघाला होता तोही त्याचसाठी. "दर लिफ्टला म्हणायचो, हिला पुढच्या डोंगरापर्यंत सोडू आणि मागे फिरू. तू सोडशील तर ना! आणि मग च्यायला, लिफ्टच बंद झाली."

का, ते मी विचारलं नाही. डॉक्टरकडे जातो आता, बहिणीकडे राहतो, एवढं त्यानेच सांगितलं. ऑरिनने बाहेर जाऊन बहिणीला आत आणलं.

सगळे स्वयंपाकघरात आहेत. कुणीतरी हसलं आत्ता. कोण, ते इथून कळत नाही. तोंड धुऊन जाते.